चारशे बीएचपीच्या गाडीला मूळचा डिफरन्शियल पुरेल का?

प्रश्न मडगावच्या एका गाडीवेड्या वाचकाचा आहे. त्यांच्याकडे बीएमडब्ल्यूची ई४६ पिढीतली ३३०आय आहे, मॅन्युअल. तिला टर्बो बसवलाय. इंजिनाचा आकडा ४०० बीएचपी आणि ५०० न्यूटन-मीटर टॉर्कच्या आसपास गेलाय. मागचा डिफरन्शियल, म्हणजे इंजिनाची ताकद मागच्या दोन चाकांत वाटणारा गिअरसंच, मात्र मूळचाच, ओपन (दोन्ही चाकांना मोकळं फिरू देणारा). ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की मागून ‘खट्’ होतं आणि ताशी ८०-९० ला बारीक हुंकार ऐकू येतो. मित्रांकडून तीन सल्ले मिळालेत: डिफरन्शियल वेल्ड करून टाक, एलएसडी (लिमिटेड-स्लिप डिफरन्शियल, घसरून मोकळ्या फिरणाऱ्या चाकाला आवर घालणारा) घाल, किंवा एम३चा (याच गाडीच्या वेगवान आवृत्तीचा) मोठा डिफरन्शियल आण. यातलं नेमकं काय करावं, असं ते विचारतात.

सांगतो. पण त्याआधी थोडा हिशेब करू, कारण हे तिन्ही सल्ले बीएचपीचा आकडा बघून दिलेले आहेत. डिफरन्शियलवर प्रत्यक्ष किती जोर येणार ते इंजिनापेक्षा टायर ठरवतात.

तुमचा गिअरबॉक्स पाच गिअरचा असेल तर पहिल्या गिअरचं गुणोत्तर ४.२१ आणि डिफरन्शियलचं २.९३. म्हणजे ५०० गुणिले ४.२१ गुणिले २.९३, सुमारे ६,१७० न्यूटन-मीटर. कागदावर एवढा टॉर्क मागच्या चाकांना मिळायला हवा. आता टायरच्या बाजूने बघा. माणसासकट गाडी साधारण १,५०० किलो, त्यातलं निम्मं वजन मागे. जोरात निघताना वजन मागे झुकतं, तेव्हा मागच्या चाकांवर ९०० किलो धरा. चांगल्या रोड टायरची पकड ०.९ आणि चाकाची त्रिज्या ०.३१ मीटर धरली, तर ९०० × ९.८१ × ०.९ × ०.३१, म्हणजे जेमतेम २,५०० न्यूटन-मीटर. त्यापुढे टायर सरळ घसरतो. इंजिनाने ६,००० दिले काय नि ८,००० दिले काय, रोड टायरवर क्राउन-पिनियनला (डिफरन्शियलमधला मोठा दातेरी गिअर आणि त्याला फिरवणारा छोटा गिअर) सलग सोसावा लागणारा भार २,५००च्या आसपासच राहतो.

हेच टायर काढून सेमी-स्लिक (ट्रॅकसाठीचे जास्त पकडीचे टायर) घातले की पकड १.३च्या घरात जाते, आणि तोच आकडा साडेतीन हजारांच्या पुढे पोचतो. इंजिनाला हातही न लावता डिफरन्शियलवरचा भार जवळजवळ दीडपट! म्हणून माझा पहिला प्रश्न नेहमी टायर कोणते आणि गाडी कुठे पळवणार हा असतो. करमल घाटात नि चोर्ल्याला रविवारी सकाळी फिरवायची असेल तर एक उत्तर. कोइंबतूरच्या करी ट्रॅकवर सेमी-स्लिक घालून न्यायची असेल तर दुसरं. धावपट्टीवर ड्रॅगला उभी करायची असेल तर तिसरं, आणि ते सगळ्यात खर्चीक. (झुआरीच्या नव्या पुलावर रात्री ‘टेस्ट’ करणाऱ्यांना माझ्याकडे उत्तर नाही.)

मग चांगले डिफरन्शियल तुटतात कशाने? धक्क्याने. सलग भाराने दात हळूहळू झिजतात, त्यांना खड्डे पडतात, आवाज यायला लागतो. दात मोडतो तो मात्र एका क्षणात, आणि त्याची कारणं दोन. एक म्हणजे पाच हजार आरपीएमवर क्लच सोडणं. तेव्हा इंजिनाच्या टॉर्कमध्ये फ्लायव्हीलमध्ये साठलेल्या फिरकीची भर पडते आणि ती सगळी एकदम पिनियनवर येते. दुसरं कारण जास्त वाईट, पण त्याकडे कुणाचं लक्ष नसतं. ते म्हणजे व्हील हॉप. निघताना मागचा भाग धडधड उड्या मारतो ना, तो प्रकार. टायर पकडतो, सुटतो, परत पकडतो, सेकंदात कित्येक वेळा. दर पकडीला पिनियनचा दात क्राउनवर आपटतो. वर काढलेला सरासरी हिशेब तिथे लागूच होत नाही, क्षणिक भार त्याच्या कितीतरी वर जातो. दात मोडलेली क्राउन घेऊन कुणी आलं तर मी पहिल्यांदा विचारतो, ‘निघताना गाडी नाचायची का?’

व्हील हॉपवरचा उपाय डिफरन्शियलच्या आत सापडत नाही. मागच्या ट्रेलिंग आर्मचे (चाक धरणाऱ्या दांड्यांचे) बुश म्हणजे रबरी आधार, सबफ्रेमचे (मागचं सस्पेन्शन आणि डिफरन्शियल धरणाऱ्या चौकटीचे) बुश, डिफरन्शियलचे माउंट, थकलेले शॉक ॲब्सॉर्बर, यांत तो असतो. ई४६ वीस वर्षांची झाली. मूळचं रबर अजून तसंच असेल तर ते आता नावालाच रबर आहे. आधी ते बदला. पॉलियुरेथेन घाला की नवीन रबर, हा वाद नंतर घालू. रस्त्यावरच्या गाडीला मी सबफ्रेमला पॉली आणि डिफरन्शियलला कडक रबर सुचवतो. डिफरन्शियल ॲल्युमिनियमच्या माउंटवर कसला की प्रत्येक गिअरचा आवाज मागच्या सीटवर येऊन बसतो.

आणि ई४६ म्हटलं की एक गोष्ट टाळताच येत नाही. मागची सबफ्रेम बॉडीला जिथे धरलेली असते तिथला पत्रा चिरतो. हा या पिढीचा जगजाहीर दोष आहे, टर्बो नसलेल्या गाड्यांतही तो सापडतो. तुम्ही तर टॉर्क जवळजवळ पावणेदोनपट केलाय. मूळच्या ३३०आयचा ३०० न्यूटन-मीटर होता. त्यात आपल्याकडची खारी हवा. सबफ्रेम खाली उतरवा, चारही जागा तारेच्या ब्रशने घासून स्वच्छ करा आणि प्रखर उजेडात बघा. अंडरबॉडी कोटिंग चढवलेलं असेल तर ते खरवडल्याशिवाय काहीच दिसणार नाही. विकणाऱ्याने ते कधीकधी त्याचसाठी मारलेलं असतं. चीर असो वा नसो, मजबुतीच्या प्लेटा वेल्ड करून घ्या. तुमचं ‘खट्’ इथूनच येत असण्याची शक्यता मला बरीच वाटते. हे काम न करता मोठा डिफरन्शियल टाकलात तर क्राउन शाबूत राहील आणि गाडीचा तळ फाटेल.

आवाजाबद्दल आणखी थोडं. पाय उचलल्यावर एकदाच ‘खट्’ होत असेल तर गिअरबॉक्सकडची रबरी चकती, प्रोपेलर शाफ्टचं (गिअरबॉक्सकडून मागे येणाऱ्या लांब दांडीचं) सेंटर बेअरिंग, हाफशाफ्टचे (डिफरन्शियलपासून चाकापर्यंतच्या दांड्यांचे) सीव्ही जॉइंट आणि माउंट, हे सगळं तपासून मग क्राउनवर संशय घ्या. हुंकार फक्त ॲक्सिलरेटर दिल्यावर येतो आणि सोडल्यावर जातो, किंवा उलट होतं, तर क्राउन-पिनियनची जुळणी बिघडलीय. दिला-सोडला तरी सारखाच घरघरत राहतो, वेगाबरोबर वाढतो, तर बेअरिंग. तेल काढून बघा. मॅग्नेटिक प्लगवर काळपट मऊ पेस्ट असेल तर ती वयाची खूण, चालायचंच. चमकणारे तुकडे किंवा खवले दिसले तर झाकण उघडायची वेळ झाली.

आता त्या तीन सल्ल्यांकडे येतो.

वेल्ड करण्याबद्दल एका वाक्यात: रस्त्यावरच्या गाडीला नको. आतले स्पायडर गिअर (दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारे छोटे गिअर) वेल्ड केले की दोन्ही मागची चाकं कायमची एकाच वेगाने फिरतात. ड्रिफ्टवाल्यांना तेच हवं असतं. पण घाटातल्या प्रत्येक वळणावर आतलं चाक घासत जातं, तो सगळा पीळ हाफशाफ्टवर पडतो, आणि जुलैच्या पावसात गाडी कुठल्या क्षणी आडवी होईल याचा भरवसा नाही. शिवाय ते गिअर वरून कडक केलेल्या पोलादाचे असतात. त्यांच्यावरचं वेल्डिंग ठिसूळ होतं. त्याचा टवका उडाला तर तो क्राउन-पिनियनच्या मधे जातो.

एलएसडीकडे लोक पकडीसाठी बघतात, पण मजबुतीच्या बाजूनेही त्याला अर्थ आहे. ओपन डिफरन्शियलमध्ये दोन छोटे स्पायडर गिअर एका पिनवर फिरतात. एक चाक डांबरावर नि दुसरं लाल मातीच्या कडेवर असताना तुम्ही पाय दाबला, की मातीतलं चाक भन्नाट फिरतं. त्या पिनवर तेल टिकत नाही, गिअर पिनवर घासून चिकटतो, पिन तुटते आणि हाउसिंग फोडून बाहेर येते. गोव्यातल्या गावरस्त्यांवर हा प्रसंग रोजचा आहे. एलएसडीने तो टळतो. प्लेटवाला एलएसडी ट्रॅकला उत्तम. पण प्लेटा झिजतात, तेलात फ्रिक्शन मॉडिफायर लागतो आणि पार्किंगमध्ये तो कुरकुरतो. हेलिकल प्रकारचा, म्हणजे टॉर्सन किंवा क्वाइफच्या जातीचा, झिजत नाही, गुपचूप काम करतो आणि भार अनेक गिअरांत वाटून घेतो. त्याची एकच मर्यादा आहे. एक चाक पूर्ण हवेत गेलं की तोही हतबल. रस्ता आणि अधूनमधून ट्रॅक असा तुमचा वापर असेल, तर मी हेलिकल घालीन.

इथे एक सावधगिरी. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर किंवा दिल्लीच्या मायापुरीत, जुन्या सुट्या भागांच्या बाजारात, ‘ई४६ ३३०चा ओरिजिनल एलएसडी’ म्हणून कुणी काही दाखवलं तर हसून पुढे जा. एम३ सोडून ई४६च्या कुठल्याही मॉडेलला कंपनीने एलएसडी दिलाच नव्हता.

तिसरा सल्ला, एम३चा डिफरन्शियल. बीएमडब्ल्यू आपले डिफरन्शियल क्राउनच्या व्यासावरून ओळखते. लहान गाड्यांना १६८ मिलिमीटर, तुमच्या ३३०ला १८८, ई४६ एम३ला २१०. क्राउन २२ मिलिमीटरने मोठी म्हणजे दात मोठे, बेअरिंग मोठी, हाउसिंग जाड. मजबुतीत खरोखर फरक पडतो. पण तो तुमच्या सबफ्रेममध्ये सरळ बसत नाही. एम३ची सबफ्रेम, हाफशाफ्ट, प्रोपेलर शाफ्ट, असं सगळं मागोमाग येतं. शिवाय एम३चं गुणोत्तर ३.६२. ते सात-आठ हजार आरपीएमला श्वास घेणाऱ्या, टर्बो नसलेल्या इंजिनासाठी आहे. तुमच्या टर्बोला खालूनच टॉर्क आहे. ३.६२ लावलंत तर पहिला गिअर निव्वळ धूर काढायला उरेल आणि सहाव्या गिअरसाठी हात शोधत राहील.

गुणोत्तराचा हा मुद्दा मजबुतीशीही जोडलेला आहे. त्याच क्राउनच्या मापात आकडा जितका मोठा, तितकी पिनियन लहान आणि तिला दात कमी. २.९३ची पिनियन जाडजूड असते, ४.१०ची त्यामानाने काडी. टर्बोवाल्याने २.९३ सांभाळून ठेवावी. ती फुकटात मिळालेली मजबुती आहे.

तेव्हा तुमच्या वापराला माझं उत्तर: रोड टायरवर १८८च पुरतो. त्यात हेलिकल एलएसडी, नवी बेअरिंग, नवे क्राउन-बोल्ट, आणि खाली लिहितो तशी सेटिंग. सेमी-स्लिक घालून ड्रॅगला उभे राहणार असाल तेव्हा २१०चा विचार करा, आणि मग अर्ध्यावर थांबू नका. कारण एक कडी मजबूत केली की तूट पुढच्या कडीवर सरकते. १८८च्या हाफशाफ्टवर २१०ची मर्दुमकी चालत नाही.

कुणी ‘इथेच लेथवर क्राउन-पिनियन बनवून देतो’ म्हणालं तर पोलाद कोणतं आणि हीट ट्रीटमेंट कुठे, हे दोन प्रश्न विचारा. या दातांना वरचा थर कडक आणि गाभा चिवट लागतो. त्यासाठी ईएन३६ किंवा २० एमएनसीआर५ जातीचं पोलाद कार्बुराइझ करतात (वरच्या थरात कार्बन मुरवून तो कडक करतात), मग लॅपिंग करून, म्हणजे दात एकमेकांवर घासून, जोडी जुळवतात. ईएन८ या साध्या पोलादाचा तुकडा कापून आणि तापवून तेलात बुडवलेली पिनियन दिसायला हुबेहूब असते, चार महिन्यांची पाहुणी. हाफशाफ्टचं वेगळं. ईएन२४चा शाफ्ट, स्प्लाइन नीट कापलेल्या नि व्यवस्थित हीट ट्रीट केलेला, चांगलं काम देतो. परदेशी ड्रॅगवाले ९३१० पोलादाचे गिअर वापरतात. ते धक्का छान सोसतात, पण रोजच्या वापरात लवकर झिजतात. ‘रेस पार्ट’ म्हणून रस्त्यावर ते घेऊ नयेत. शॉट पीनिंगने (बारीक छऱ्यांचा मारा करून) दाताच्या मुळाशी थकवा सोसायची ताकद खरोखर वाढते. मिळत असेल तर करून घ्या. क्रायो ट्रीटमेंटवर (भाग अतिथंड करण्यावर) मी माझे पैसे घालणार नाही.

आता सेटिंग. महागातला महाग डिफरन्शियल इथे मरतो. तीन गोष्टी नीट व्हायला हव्यात: पिनियनची खोली, बेअरिंगचा प्रीलोड (ती आधीच किती दाबून बसवली तो ताण) आणि क्राउनचा बॅकलॅश (दातांमधली मोकळी फट). या मापाच्या गाडीला बॅकलॅश साधारण ०.०८ ते ०.१५ मिलिमीटर लागतो. नेमका आकडा त्या जोडीसाठी दिलेला असतो, तोच पाळायचा. क्राउन फिरवून तीन-चार जागी मोजायचा. जागोजागी फरक येत असेल तर क्राउन वाकडी बसलीय किंवा तिच्या बसण्याच्या तोंडावर कचरा आहे. पिनियनच्या बेअरिंगमधे बहुतेक गाड्यांत चेपणारी स्लीव्ह असते. नट कसला की ती चेपते आणि प्रीलोड ठरतो. मोठ्या धक्क्यांनी ती आणखी चेपते, प्रीलोड जातो, पिनियन डगडगते, आणि मग दात जातात. तिच्या जागी शिमवाला (पातळ चकत्यांनी माप जुळवायचा) घट्ट स्पेसर घालणं हा ताकद वाढवण्याचा सगळ्यात स्वस्त उपाय आहे. वेळखाऊ मात्र आहे. प्रीलोड जुळेपर्यंत शिम बदलून पुन्हापुन्हा उघड-जोड करावी लागते, म्हणून गॅरेजवाले टाळतात. नट दर वेळी नवा.

मग दातांना मार्किंग पेस्ट लावून, क्राउनला हाताने थोडा अडसर देत फिरवायचं आणि ठसा बघायचा. भाराखाली पिनियन क्राउनला दूर ढकलते आणि ठसा दाताच्या बाहेरच्या टोकाकडे सरकतो. म्हणून बिनभाराचा ठसा मध्यावर किंवा किंचित आतल्या टोकाकडे असलेला बरा. ॲक्सिलरेटरची बाजू आणि सोडल्याची बाजू, दोन्ही बघा. जुनी, वापरलेली जोडी परत बसवत असाल तर आदर्श ठशाच्या मागे लागू नका. तिचे दात एकमेकांवर घासून बसलेले असतात. काढताना मापं लिहून ठेवा आणि त्याच मापांवर परत आणा, नाहीतर चांगली जोडी ओरडायला लागेल.

हे काम करणारा हात कुठे मिळेल? मोठ्या शहरात जायची गरज नाही. उसगाव-तिस्क, साखळी, डिचोली, सावर्डे, कुडचडे या पट्ट्यात खनिजाच्या टिपरांनी एक पिढी क्राउन-पिनियन शिकवून तयार केली. आम्हीही तिथेच शिकलो. २०१२ साली खाणी थांबल्या, २०१८ साली पुन्हा थांबल्या, बरेच जण धंदा बदलून गेले. पण जे उरलेत त्यांना ठशाची भाषा येते. फक्त एक अट घाला. टिपरचा बॅकलॅश मोठा असतो, आणि हे जुने लोक तो मनगटाच्या अंदाजाने ठरवतात. त्यांचा अंदाज टिपरला अचूक असतो, तुमच्या १८८ला नाही. डायल गेज आणि इंच-पाउंड मापाचा टॉर्क रेंच तुम्ही घेऊन जा, आकडा लिहून द्या, आणि शेजारी बसा. मान राखून मागितलंत तर ते काम असं करतील की शोरूमवाल्यांनी बघत राहावं.

पाऊस. वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटर पडणाऱ्या प्रदेशात आपण राहतो. घाट उतरून तापलेला डिफरन्शियल पाण्याने भरलेल्या सखल रस्त्यात शिरला की आतली हवा एकदम थंड होऊन आकसते आणि ब्रीदरमधून (हवा आत-बाहेर जायच्या भोकातून) किंवा जुन्या सीलमधून पाणी आत खेचते. तेल दुधाळ झालं की तुमची सगळी सेटिंग पाण्यात. थारवाले जसा ब्रीदरला नळी जोडून ती वर बूटच्या उंचीला नेतात, तसंच करून घ्या. पावसाळ्यानंतर तेल एकदा काढून बघाच. तेल जीएल-५ दर्जाचं, ग्रेड एलएसडी बनवणारा सांगेल तो.

आणखी दोन छोट्या गोष्टी. रिव्हर्समध्ये जोर लावू नका. त्या दिशेने दाताची कमकुवत बाजू भार घेते. वाळूत रुतलेली गाडी मागेपुढे हिसके देऊन काढताना पुष्कळ पिनियन गेल्या आहेत. (किनाऱ्यावर गाडी नेण्यावर बंदी आहे, ते वेगळंच.) दुसरं, कागदपत्रं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि जानेवारी २०१९चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल, दोन्ही मूळ रचनेत बदल करण्याच्या विरोधात आहेत. डिफरन्शियलच्या आतला एलएसडी कुणाच्या डोळ्यांवर येणार नाही, पण टर्बोचं काय ते विमा कंपनीशी आणि आरटीओशी आधी बोलून घ्या.

जोडून झाल्यावर पहिला फेरा पंधरा-वीस मिनिटांचा, सौम्य, फुल थ्रॉटल नाही. मग गाडी पूर्ण थंड होऊ द्या, हात लावता येईल इतकी. असं तीन-चार वेळा. पुढचे ८०० किलोमीटर पणजी-मडगाव ये-जा करा, पण सलग एकाच वेगाने नको, वेग बदलत राहा. तोवर क्लच सोडून निघणं बंद. ८००ला तेल बदला, आणि निघालेलं तेल पांढऱ्या थाळीत ओतून उन्हात बघा. बारीक करडी चमक असेल तर नवे दात बसताहेत, काळजी नको. नखाला लागेल असा कण सापडला तर गाडी पुढे चालवू नका, झाकण उघडा आणि ठसा पुन्हा घ्या.